आधी कर्ज, मग अनुदान: महाराष्ट्रात छोट्या उद्योगासाठी सरकारी योजनेची फाइल कशी उभी करावी

सरकारी योजनेतून धंदा काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो 'सबसिडी किती?' हाच. हा प्रश्न थोडा मागे ठेवा. महाराष्ट्रात छोट्या उद्योगाला मिळणारं जवळपास प्रत्येक मोठं अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. बँकेने कर्ज मंजूर केलं तर अनुदान येतं, नाही केलं तर जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस, समितीची मान्यता, पोर्टलवरचा हिरवा शेरा हे सगळं कागदावरच राहतं. म्हणून फाइल करायची ती बँकेच्या शाखाधिकाऱ्याला पटेल अशी. तो जे प्रश्न विचारणार आहे त्यांची उत्तरं अर्जाआधी तयार असली की बाकीचं काम पायरीपायरीने होतं.

पैसा नेमका कुठून कुठे जातो

सरकार तुमच्या हातात रोख रक्कम देत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे लोक ज्याला सीएमईजीपी म्हणतात, त्याचंच उदाहरण घेऊ. ही राज्य सरकारची योजना २०१९ साली सुरू झाली. प्रकल्पाचा काही टक्के खर्च तुम्ही घालता आणि उरलेला बँक कर्ज म्हणून देते. कर्जाचा पहिला हप्ता दिला की बँक सरकारकडे अनुदानाची मागणी करते. या अनुदानाला 'मार्जिन मनी' म्हणतात. ते तुमच्या कर्ज खात्याशी जोडलेल्या मुदत ठेवीत तीन वर्षं पडून राहतं. तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँक व्याज लावत नाही आणि ठेवीवर तुम्हालाही व्याज मिळत नाही. तीन वर्षं उद्योग चालू राहिला, पाहणी झाली आणि खातं नियमित असलं, की ती ठेव कर्जात वळती होते.

तेव्हा अनुदान हे कर्ज फेडून दाखवल्यावर मिळणारी सूट आहे. मधल्या काळात खातं थकलं किंवा उद्योग बंद पडला तर ते परत जाऊ शकतं. 'सबसिडी घेऊ आणि नंतर बघू' असा हिशेब कुणी मांडत असेल तर त्याला ही तीन वर्षं आधी समजावून सांगा.

आपण कुठल्या योजनेत बसतो

योजनांची नावं भरपूर आहेत. निवड मात्र चार गोष्टींवर ठरते: धंदा कसला, जागा शहरात की गावात, अर्जदार कोण आणि धंदा नवा की चालू.

नवा उत्पादन किंवा सेवा उद्योग असेल तर सीएमईजीपी आणि केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, हे दोन रस्ते समोर येतात. दोन्हींतल्या अनुदानाचे टक्के सारखेच आहेत. सर्वसाधारण प्रवर्गातल्या अर्जदाराला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के मिळतात, त्याने स्वतःचे १० टक्के घालायचे असतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक अशा विशेष प्रवर्गांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के मिळतात, स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. पीएमईजीपीत उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सीएमईजीपी सुरू झाली तेव्हा या मर्यादा ५० आणि १० लाख होत्या, पुढे त्या बदलत गेल्या. वयाच्या अटीचंही तसंच. म्हणून चालू आकडा योजनेच्या पोर्टलवर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकावर विसंबू नका. शिक्षणाची अट मोठ्या प्रकल्पांनाच आहे. सीएमईजीपीत १० लाखांच्या वर सातवी पास आणि २५ लाखांच्या वर दहावी पास लागते. पीएमईजीपीत उत्पादनासाठी १० लाखांच्या आणि सेवेसाठी ५ लाखांच्या वर आठवी पास. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि इथे नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात.

खाण्यापिण्याच्या पदार्थांचा उद्योग असेल तर पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, म्हणजे पीएमएफएमई, आधी तपासा. पापड, मसाले, काजू, गूळ, बेदाणा, लोणचं, बेकरी असं बरंच काही तिच्यात बसतं. पात्र खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. गाव, शहर, जात, लिंग असा भेद नाही, आणि चालू उद्योगाच्या वाढीलाही हे अनुदान मिळतं. सीएमईजीपी आणि पीएमईजीपी मुख्यतः नव्या उद्योगासाठी असल्याने हा फरक मोठा आहे. ही योजना आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्या प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने त्यांना एक रुपयाही द्यायचा नसतो. ही सोय असूनही लोक बाहेर चार-पाच हजार रुपये देऊन अहवाल लिहून घेतात, याचं फार वाईट वाटतं. पीएमएफएमई आणि पीएमईजीपी या दोन्ही केंद्राच्या योजनांना २०२५-२६ अखेरपर्यंतची मुदत होती. म्हणून फाइल हातात घेण्याआधी नवे अर्ज घेतले जात आहेत का, हे पहिल्यांदा तालुका कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

महामंडळांच्या योजना वेगळ्या धाटणीच्या आहेत. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची वैयक्तिक व्याज परतावा योजना प्रामुख्याने मराठा समाजातल्या तरुणांच्या उपयोगी पडली आहे. १५ लाखांपर्यंतचं कर्ज बँकेकडून घ्यायचं, हप्ता वेळेवर भरायचा आणि त्यातलं व्याज महामंडळ तुमच्या खात्यात परत देतं. व्याजदर १२ टक्क्यांपर्यंत, मुदत ७ वर्षांपर्यंत आणि एकूण परतावा साडेचार लाखांपर्यंत अशी मर्यादा आहे. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. यात क्रम चुकला की सगळं फिसकटतं: आधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रतेचं पत्र काढायचं, त्यानंतरच कर्ज मंजूर करून घ्यायचं. आधी कर्ज काढून मग पत्रासाठी धावणाऱ्यांचे अर्ज तांत्रिक कारणावर अडकतात. शिवाय हप्ता थकला तर परतावा थांबतो.

अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, मातंग समाजासाठी अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ, चर्मकार समाजासाठी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, भटक्या-विमुक्तांसाठी वसंतराव नाईक महामंडळ, आदिवासींसाठी नाशिकचं शबरी महामंडळ, अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ आणि इतर मागासवर्गासाठी वेगळं महामंडळ अशी रचना आहे. यांच्याकडे बीज भांडवल, थेट कर्ज आणि व्याज परतावा अशा तिन्ही प्रकारच्या योजना असतात. बीज भांडवलात प्रकल्पाचा साधारण पाचवा हिस्सा महामंडळ कमी व्याजाने देतं आणि बाकीचं बँक. निधी संपला की वर्षभराचे अर्ज तसेच पडून राहतात, म्हणून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिल-मेमध्येच जिल्हा कार्यालयात जाऊन 'यंदाचं उद्दिष्ट किती आणि शिल्लक किती' हे तोंडावर विचारा.

महिलांनी पर्यटनातला काही व्यवसाय काढायचा ठरवला, कोकणात घरगुती निवास, सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात खानावळ किंवा टूर, तर पर्यटन संचालनालयाचं २०२३ सालचं 'आई' धोरण बघावं. त्यातही १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेचार लाखांपर्यंत व्याज परतावा आहे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चांभार, गवंडी अशा १८ पारंपरिक कारागिरांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा आहे. तिच्यात आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख, ५ टक्के व्याजाने आणि तारणाशिवाय मिळतात, अवजारांसाठी १५ हजार वेगळे. हातगाडी-फेरीवाल्यांना नगरपालिकेतून पीएम स्वनिधीचं कर्ज.

मुद्रा कर्जाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. मुद्रात अनुदान नाही. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण गटातलं कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत, असं ते विनातारण कर्ज आहे. किराणा, कपड्याचं दुकान, मोबाइल दुरुस्ती अशा निव्वळ दुकानदारीला पुष्कळदा हाच खरा पर्याय असतो. चालू दुकानासाठी अनुदानाची योजना शोधत वर्ष घालवण्यापेक्षा मुद्रातून दोन लाख उचलून दिवाळीचा माल भरणं शहाणपणाचं.

मोठा कारखाना टाकणाऱ्यांसाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून १९६४ पासून ती वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पाडलेले आहेत आणि मागास तालुक्याला सवलत जास्त. ती बहुतांशी भरलेल्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कातली सूट अशा रूपात मिळते. सनदी लेखापालाला सोबत घेऊनच तिथे जा. गोव्यातल्या वाचकांसाठी पणजीचं आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ईडीसी आणि तिथली मुख्यमंत्री रोजगार योजना हा समांतर रस्ता आहे.

एकाच प्रकल्पावर दोन ठिकाणांहून अनुदान घेता येत नाही, हमीपत्रात तसं लिहूनच द्यावं लागतं. कर्जाला सीजीटीएमएसई या ट्रस्टची हमी, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला भरपाई, ही मात्र अनुदानासोबत चालते, कारण ती बँकेला मिळते. तारण नसेल तर ही हमी घ्या, असं शाखेत स्वतःहून सांगा.

कागद

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. आधार, पॅन, फोटो, शाळेचा दाखला, अधिवास, विशेष प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, ग्रामीण भागाचा लाभ हवा असेल तर गावाच्या लोकसंख्येचा दाखला, जागेचा सातबारा किंवा आठ-अ किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, यंत्रांची कोटेशनं आणि बँकेचं सहा ते बारा महिन्यांचं खाते विवरण. सगळीकडे नाव सारखं आहे ना, ते आधी तपासा. आधारवर 'सुनीता', दाखल्यावर 'सुनिता' आणि जातीच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, एवढ्यावर फाइल महिना-महिना अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद सोबत जोडावी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते. गुगलवर वरच्या ओळीत दिसणाऱ्या सारख्या नावाच्या खासगी साइट हजार-दोन हजार रुपये घेतात, त्यांना बळी पडू नका. खाद्यपदार्थ असतील तर अन्न सुरक्षा नोंदणीही काढून घ्या.

सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या जुन्या कर्जांचा आणि फेडीचा लेखाजोखा, स्वतः काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कधीच कर्ज घेतलेलं नसेल तर स्कोअर नसणं हा दोष नाही. बिघडतं ते मोबाइलच्या राहिलेल्या हप्त्याने, मित्राला दिलेल्या जामीनकीने किंवा पाच वर्षांपूर्वी तडजोड करून बंद केलेल्या गाडीच्या कर्जाने. असं काही निघालं तर आधी थकबाकी भरून बेबाकी दाखला घ्या आणि अहवालात दुरुस्ती झाल्यावरच अर्ज करा. शाखाधिकाऱ्याला ते तुमच्याआधी स्क्रीनवर दिसणारच आहे.

प्रकल्प अहवाल: इथेच खरी मेहनत

सायबर कॅफेतून मिळणाऱ्या छापील अहवालात नाव आणि गाव तेवढं बदललेलं असतं. बँकेत तसे शेकडो येतात आणि ते पहिल्या पानावरच ओळखू येतात. त्यापेक्षा चार पानांचा, पण तुमच्याच गावाचा अहवाल लिहा.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. कराड तालुक्यातल्या एका गावात एका ताईंना मसाला कांडप आणि पॅकिंगचं युनिट काढायचं आहे असं समजा. यंत्रं, म्हणजे कांडप डंका, पल्व्हरायझर, भाजणीचा रोस्टर, वजनकाटा, सीलिंग मशीन, मिळून ४ लाख ७० हजार. शेडची दुरुस्ती आणि थ्री फेज जोडणी १ लाख २० हजार. मिरची, धने, खोबरं आणि पाकिटांसाठी खेळतं भांडवल २ लाख १० हजार. एकूण ८ लाख. सीएमईजीपीत यंत्रं निम्म्याहून जास्त, बांधकाम २० टक्क्यांच्या आत आणि खेळतं भांडवल ३० टक्क्यांच्या आत असा साधारण निकष आहे, त्यात हा हिशेब बसतो. जमिनीची किंमत धरायची नसते.

ग्रामीण महिला म्हणून स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार. बँकेचं कर्ज ७ लाख ६० हजार. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. शेवटी खरोखर फेडायचं कर्ज ४ लाख ८० हजार.

हेच युनिट सर्वसाधारण प्रवर्गातल्या एखाद्या दादांनी काढलं तर सीएमईजीपीत २५ टक्के, म्हणजे २ लाख मिळतील. पीएमएफएमईत खेळतं भांडवल अनुदानाच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून ५ लाख ९० हजारांवर ३५ टक्के, म्हणजे २ लाख ६ हजार ५००. फरक नाममात्र आहे. तेव्हा त्या दादांनी रकमेपेक्षा आपल्या जिल्ह्यात कुठल्या योजनेची फाइल लवकर हलते, ते बघावं.

आता महिन्याचा हिशेब. दर आणि वजन तुमच्या गावाप्रमाणे बदला, पद्धत हीच ठेवा. वर्षभराची सरासरी धरून रोज ४० किलो कांडप, किलोला ३० रुपये, महिन्याचे २६ दिवस: ३१ हजार २००. तयार मसाला महिन्याला ८० किलो आणि किलोमागे १२० रुपये सुटतात: ९ हजार ६००. मिळून ४० हजार ८००. मदतनीस १० हजार, वीज ५ हजार, शेडचं भाडं ३ हजार, पाकिटं आणि वाहतूक ३ हजार ५००, दुरुस्ती दीड हजार, असे २३ हजार गेले. हातात १७ हजार ८०० उरले.

११ टक्के व्याजाने आणि सगळं मुदत कर्ज धरून पूर्ण ७ लाख ६० हजारांचा पाच वर्षांचा हप्ता साधारण साडेसोळा हजार होतो. हप्ता भरून हातात तेराशे रुपये उरतात. अशा फाइलवर कुठलाही शाखाधिकारी सही करायला कचरेल, आणि त्याचं बरोबर आहे. हप्त्याच्या दीडपट तरी शिल्लक दिसावी अशी बँकांची अपेक्षा असते. तेच कर्ज सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता १३ हजारांवर येतो. अनुदानाची रक्कम वजा करून ४ लाख ८० हजारांवर हप्ता बांधला तर सात वर्षांसाठी तो ८ हजार २०० च्या आसपास पडतो, म्हणजे शिल्लक हप्त्याच्या दुपटीहून जास्त. युनिट तेच आणि ताईही त्याच, मुदत आणि हप्त्याची रक्कम नीट मागितल्याने फाइल उभी राहते. म्हणून अर्जातच सात वर्षांची मुदत मागा, यंत्र बसेपर्यंत काही महिने हप्त्याला सवड मागा, आणि मंजुरीपत्रात हप्ता कुठल्या रकमेवर बांधला आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका.

दुसरा प्रश्न हंगामाचा. मसाल्याचं काम फेब्रुवारी ते मे उसळतं, ब्याडगी आणि संकेश्वरीच्या पोत्यांनी अंगण भरतं, रात्री नऊ-नऊपर्यंत डंका चालतो. जून लागला की तोच डंका गप्प. शाखाधिकारी हमखास विचारणार, 'पावसाळ्यात हप्ता कशातून?' त्याचं उत्तर अहवालात आधीच लिहिलेलं असावं: भाजणी आणि हळदीचं दळण, हायवेवरच्या तीन ढाब्यांना महिन्याचा ठरलेला मसाला, दिवाळीच्या चकली-भाजणीच्या ऑर्डरी. या ढाबेवाल्यांकडून 'दर महिन्याला इतका माल घेऊ' असं साध्या कागदावर सहीनिशी लिहून आणा. कायद्याने त्याला फार वजन नसेल, पण शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर त्याला वजन असतं.

तिसरा प्रश्न, 'हे काम तुम्हाला येतं का?' बचत गटात मसाले केले असतील तर गटाचं पत्र, कुठे नोकरी केली असेल तर तिथला दाखला, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचं प्रशिक्षण झालं असेल तर त्याचं प्रमाणपत्र जोडा.

अर्ज ते मंजुरी

सीएमईजीपी आणि पीएमईजीपी दोन्हींचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. अर्जात राबवणारी संस्था निवडावी लागते: जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग मंडळ. अर्ज मराठी माणसाला घरी बसून भरता येईल इतका सोपा आहे, फक्त बँक शाखा निवडताना घाई करू नका. जिथे तुमचं खातं आहे, जी शाखा उद्योगाच्या जवळ आहे आणि जिथले साहेब आधी एकदा भेटून 'आणा फाइल' म्हणाले आहेत, ती शाखा टाका. आधी भेट, मग अर्ज. पतसंस्थेचं कर्ज या योजनांत चालत नाही.

छाननी झाली की प्रकरण समितीपुढे आणि तिथून बँकेकडे जातं. शाखाधिकारी जागा बघायला येतो, त्या दिवशी जागा झाडून, वीज मीटर आणि करार तयार ठेवून स्वतः हजर राहा. नवऱ्याला किंवा भावाला बोलायला पुढे करू नका. अर्ज ताईंच्या नावावर असेल तर कोटेशनमधल्या प्रत्येक यंत्राची किंमत त्यांनीच सांगितली पाहिजे.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. सीएमईजीपीत उत्पादनासाठी साधारण दोन आठवडे आणि सेवेसाठी एक आठवडा. त्याचं प्रमाणपत्र झाल्याशिवाय अनुदानाची मागणी पुढे सरकत नाही. ते निव्वळ सोपस्कार म्हणून उरकू नका, जीएसटी, हिशेब आणि पॅकिंगवरचे नियम तिथे समजतात, आणि जिल्ह्यातले दुसरे नवे उद्योजक भेटतात.

यंत्र मात्र मंजुरीच्या आधी विकत घेऊ नका. 'ऑफर चालू आहे' म्हणून आधीच पैसे भरलेलं यंत्र प्रकल्प खर्चात धरलं जात नाही.

बँक 'नाही' म्हणाली तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज का नाकारला हे लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. २५ लाखांपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जावर कागद पूर्ण असतील तर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. म्हणून फाइल देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी 'घराचा उतारा आणा', 'सरकारी नोकरीतला जामीनदार आणा' असं सांगितलं जातं. वाद न घालता, 'हे लेखी द्या, मी अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना दाखवतो' एवढंच म्हणा. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि तिचे जिल्हा व्यवस्थापक अशा प्रकरणांसाठीच बसलेले असतात. तिथेही काम झालं नाही तर आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ही तक्रार मोफत असते आणि ऑनलाइन करता येते.

नकाराचं कारण खरं असेल तर मात्र ते मान्य करा. विक्रीचा अंदाज फुगवलेला, स्वतःच्या वाट्याचे ४० हजार खात्यात नाहीत, त्याच गावात तीन कांडप आधीच चालू आहेत: ही कारणं बँक बदलून जात नाहीत. प्रकल्प छोटा करून, आठ लाखांचा पाच लाखांवर आणून, पुन्हा जाणं बरं.

'दहा टक्के द्या, मंजूर करून देतो' म्हणणारे कचेरीच्या आवारातच भेटतात. या योजनांत मध्यस्थ नेमलेले नाहीत. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून एजंटाला पैसे देणारी मुलं असतात, आणि त्यातल्या कुणाचंही कर्ज त्या पैशांमुळे मंजूर झालेलं नसतं, ते फाइल बरी होती म्हणून झालेलं असतं.

पैसे हातात आल्यावरची तीन वर्षं

यंत्राचे पैसे बँक थेट विक्रेत्याच्या खात्यात भरते. कोटेशनवरचं यंत्र आणि प्रत्यक्षात आलेलं यंत्र एकच आहे, बिलावर मॉडेल आणि क्रमांक आहे, हे पाहून घ्या. विक्रेत्याशी संगनमत करून फुगवलेलं बिल आणि रोख परतावा हा प्रकार पाहणीत उघडा पडतो आणि अनुदान तर जातंच, फसवणुकीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

पहिला हप्ता मिळाल्यावर महिन्याभरात शाखेत जाऊन 'मार्जिन मनीची मागणी पाठवली का' हे विचारा. साहेबांची बदली झाली आणि मागणी तशीच राहिली, असं पुष्कळदा घडतं, आणि तोवर पूर्ण रकमेवर व्याज चालू असतं. रक्कम आली की ठेवीच्या पावतीची प्रत आणि तेवढ्या कर्जावर व्याज थांबलं आहे हे दाखवणारं खाते विवरण घ्या.

उद्योगाच्या जागेवर योजनेचं नाव असलेला फलक लावा, यंत्रांचा विमा चालू ठेवा, विक्री शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने फिरवा. जागा बदलायची असेल तर आधी बँक आणि उद्योग केंद्र दोघांना लेखी कळवा. पाहणीला माणूस आला आणि शेडला कुलूप दिसलं तर 'उद्योग बंद' असा शेरा पडतो, मग तुम्ही बाजाराला गेला होता हे सिद्ध करत बसावं लागतं. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी शाखेत जा. तीन महिने थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत जातं आणि मग अनुदानाचंही कठीण होतं.

तीन वर्षं पूर्ण झाली की बँक आपणहून ठेव वळती करेल म्हणून वाट बघू नका. पाहणी अहवाल झाला का ते विचारा, वळती करण्याचा अर्ज द्या आणि उरलेल्या कर्जाचं नवं वेळापत्रक लेखी घ्या. पीएमईजीपीतलं पहिलं कर्ज नीट फेडलेल्या आणि नफ्यात चालणाऱ्या युनिटला वाढीसाठी दुसरं कर्जही मिळतं. उत्पादनात १ कोटीपर्यंत आणि त्यावर १५ टक्के अनुदान. त्यासाठी पहिल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि प्राप्तिकर विवरणपत्रं लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासूनच, उत्पन्न कमी असलं तरी, विवरणपत्र भरत जा.